भरल्या पोटी

हात सुटेना. पाय एकेक कांब वर चढले होते, डावा हातही वर गेला होता, आणि उजवा हात मात्र होता तिथेच मूठ आवळून बसला होता. त्याने हाताकडे पाहिलं. हात त्याचाच होता, मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग ओळखीचा होता, पण ऐकायला तयार नव्हता. सोड, असं त्याने मनात म्हटलं. मग हट्टी पोराची समजूत काढावी तसं हळू म्हटलं. हात ढिम्म हलला नाही. क्रेनच्या खांबाच्या आतून वर जाणारी ही शिडी तो इतकी वर्षं चढत आला होता की चढताना त्याला भलत्याच गोष्टी आठवायच्या: गळका नळ, शेजाऱ्याचं कुत्रं, कालच्या मॅचमध्ये सुटलेला झेल. शिडी म्हणजे घरातला जिना. आणि आज त्याला प्रत्येक कांब वेगळी दिसत होती. हिच्यावरचा रंग उडालाय, हिच्यावर ग्रीसचा ओघळ आहे, ही जरा हलते की काय? कांबींच्या मधून खाली, फार खाली, पिवळ्या हेल्मेटांचे ठिपके इकडेतिकडे फिरत होते. कमरेचा वॉकीटॉकी खरखरला, त्यातून खालून इशारे देणाऱ्या माणसाचा, भोंग्याचा, आवाज आला, "काय रे, पोचलास का?" तो "पोचतोय" म्हणाला आणि दचकला, कारण तो आवाज एका घाबरलेल्या माणसाचा होता.

साइटवर त्याला सगळे वरचा म्हणत. मुकादम बदलले, इमारती बदलल्या, पण हे नाव त्याच्या आधीच पुढच्या साइटवर जाऊन बसलेलं असायचं. वरच्याला विचारा, वरच्याची मर्जी असेल तर माल येईल, वरच्यापुढे कुणाचं काय चालतं. हे विनोद वापरून वापरून गुळगुळीत झाले होते, तरी त्याला ते अजून आवडत. ज्या उंचीचं नाव काढलं तरी खालच्यांचे डोळे फिरतात, तिथे हा बूट काढून मांडी घालून बसतो, ही त्याची ख्याती. एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात हूक अडकला, तेव्हा हा केबिनमधून बाहेर पडला, क्रेनच्या आडव्या हातावरून चालत टोकापर्यंत गेला, हूक सोडवला आणि परत येऊन आरामात बिडी ओढत बसला, असं लोक सांगत. बिडी त्याने उभ्या जन्मात ओढली नव्हती, पण ती गोष्टीला शोभत होती म्हणून त्याने कधी नाकारलीही नव्हती. आणि वर जायचं ते रिकाम्या पोटी, हा तर धंद्याचाच नियम. केबिनमध्ये खुर्ची असते, पंखा असतो, काच पुसायचं फडकं असतं, संडास नसतो. पोटात कळ आली तर एवढी शिडी उतरणार कोण, आणि तोवर हुकाला लोंबकळणारा माल कुणाच्या भरवशावर सोडणार? म्हणून जुने ऑपरेटर सकाळी घोटभर पाण्यावर वर जातात आणि संध्याकाळी उतरले की जेवतात. त्याला ज्या म्हाताऱ्याने काम शिकवलं त्याने आधी हे शिकवलं आणि लिव्हर नंतर.

हात अचानक सुटला. कसा सुटला ते कळलं नाही. त्याने घाईघाईने पुढची कांब धरली आणि फळीच्या टप्प्यावर येऊन खांबाला पाठ टेकून उभा राहिला. पोटात सकाळचं अंडं, पाव आणि दूध जड होऊन बसलं होतं. एखादा न बोलावलेला पाहुणा सोफ्यावर बसावा तसं. या अंड्यानेच सगळा घोळ केला, असं त्याला वाटलं आणि अंड्याचा मनापासून राग आला. या सगळ्याची सुरुवात घराच्या जिन्यात झाली होती. कामावरून परत येताना तो तिथे मटकन खाली बसला आणि बराच वेळ त्याला उठताच आलं नाही. बायको पडदे शिवायचं मशीन तसंच चालू टाकून धावत आली होती. डॉक्टरकडे जाईपर्यंत तिच्या खांद्यावर दोऱ्याचा तुकडा तसाच होता. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलणं मास्तरणीचं. "दिवसभर काही खात नाही, आणि घरी गेल्यावर एकदम जेवता?" त्यांनी विचारलं. "धंदाच तसा आहे," तो म्हणाला. "धंदा असेल तसा. शरीर तसं नाही. साखर वाढलीय, पोटाला आतून जखम झालीय. हे असं वर बसलेले असताना झालं असतं म्हणजे?" उत्तर बायकोकडे होतं. ती म्हणाली, "आजपासून खाल्ल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. मी बघते." आणि ती बघू लागली.

खाऊ लागल्यावर पहिल्यांदा बदललं ते घर. हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, कारण घर बिघडलेलं होतं हेच त्याला माहीत नव्हतं. पूर्वी तो संध्याकाळी दारात आला की मुलगी पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायची, बायको पानं घ्यायची घाई करायची, आणि ताटावर बसेपर्यंत कुणी त्याच्याशी बोलत नसे. त्याला वाटायचं, घरात शिस्त आहे. चप्पल वाकडी पडली, दिवा उगाच चालू राहिला, टीव्हीचा आवाज मोठा झाला, की त्याच्या कानशिलात काहीतरी तडतडायला लागायचं आणि तो ओरडायचा. ओरडून झाल्यावर हात थरथरत. वर, जिथे थरथरायला हवं होतं तिथे कधी थरथरले नाहीत, आणि घरी पाण्याचा पेला धरताना थरथरत. आता तो दोन घास पोटात ठेवूनच उतरायचा, येऊन खुर्चीत बसायचा, आणि चप्पल वाकडी असली तर असायची. एकदा मुलगी येऊन शेजारी बसली. काही काम नव्हतं, नुसती बसली. तिच्या कॉलेजातल्या कुठल्याशा मैत्रिणीची भलीमोठी हकिगत सांगत राहिली. उठताना सहज म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात की माणसात येता." तो हसला. बायकोही हसली, पण तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायला ती पडद्याच्या कापडात उगाच टाचणी शोधू लागली. म्हणजे इतकी वर्षं मी कशात होतो, असं त्याला विचारावंसं वाटलं होतं. विचारायचं धाडस झालं नाही, आणि हेही नवीनच होतं, कारण धाडस त्याला कधी गोळा करावं लागलं नव्हतं.

मग भीती आली. आधी तिने अंदाज घेतला. लिफ्टचं दार बंद होताना पाऊल बाहेर टाकणं. रस्ता ओलांडताना दोनदा मागे येणं. मग एका सकाळी केबिनच्या दारात तो उभा होता आणि पायाखालच्या जाळीतून त्याला जमीन दिसली. जमीन तो रोजच पाहायचा, पण माल कुठे ठेवायचा ती जागा म्हणून पाहायचा. त्या दिवशी त्याला स्वतः कुठे पडू ती जागा दिसली. बोल्ट दिसले, वेल्डिंगचे सांधे दिसले. ज्याने हे वेल्डिंग केलं तो त्या दिवशी बायकोशी भांडून आला असेल तर? त्याने दुसऱ्या खेपेला डॉक्टर बाईंना विचारलं. भीती वाटते असं म्हणणं जिवावर आलं, म्हणून तो म्हणाला, "खाल्ल्यापासून वर जरा वेगळं वाटतं." बाई हुशार होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. पोट रिकामं झालं की ते एक हार्मोन सोडतं. ते रक्तातून मेंदूत जातं आणि नुसतं खायला माग एवढंच सांगत नाही. मेंदूत जिथे भीती राहते तिथेही त्याची ये-जा असते. भुकेलेला उंदीर उजेडात, उघड्यावर येतो. पोट भरलेला बिळाशी घुटमळतो. उपाशी जनावर घाबरून बसलं तर मरेल, म्हणून भूक त्याची भीती दाबून धरते. "पण सारखंच उपाशी ठेवलं," बाई म्हणाल्या, "तर शरीर कायम धोक्याच्या घंटेवर राहतं. चिडचिड, झोप नाही, बारीकसारीक गोष्टींनी दचकणं. तेही त्याच भुकेचं. माणसाचं अर्थात उंदरासारखं सरळ नसतं. तुमच्या बाबतीत नक्की काय झालंय ते मी छातीठोक सांगू शकत नाही." त्याने मान हलवली, आभार मानले आणि बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. उंदीर. वरचा, वाऱ्यात आडव्या हातावरून चालत जाणारा वरचा, म्हणजे बिळाबाहेर आलेला एक उपाशी उंदीर. त्याला इतका अपमान कधी वाटला नव्हता, आणि अपमान करणारं समोर कुणी नव्हतं.

कारण ही गोष्ट क्रेनपासून सुरू झाली नव्हती. वस्तीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती आणि तिला लोखंडी शिडी होती. वडिलांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी घरात संध्याकाळी चूल पेटेलच असं नसे. आई म्हणायची, झोपा रे, झोपेत भूक लागत नाही. बेकरीवाल्याचा मुलगा त्याच्याच वयाचा होता, गोल गालांचा, खिशात कायम पाव. त्याने पैज लावली: टाकीवर चढून वरचा कठडा शिवून ये, पाव तुझा. तो चढला. भीती नावाची वस्तू कुठे असते ते त्याला कळलंच नाही. वर गेला, कठड्याला हात लावला, लांबवरची घरं पाहिली आणि उतरला. मग बेकरीवाल्याच्या मुलानेही प्रयत्न केला आणि चार कांबी चढून भोकाड पसरलं. सगळी पोरं हसली. तोही हसला, पावाचा घास तोंडात असताना. त्या दिवशी त्याच्या मनात पक्कं बसलं की आपण वेगळ्या मातीचे आहोत. पुढे जे काही झालं, पहिली नोकरी, क्रेन, लग्न, लोकांच्या तोंडच्या गोष्टी, ते सगळं या एका पायावर उभं होतं. आणि आता एक पोरसवदा डॉक्टर सांगत होती की माती तीच होती. त्या मुलाच्या पोटात पाव होता आणि तुझ्या नव्हता, एवढंच. एकदा आई टाकीखाली येऊन उभी राहिली होती, तेही त्याला आठवलं. त्याने वरून पाहिलं तर ती तोंडावर हात धरून उभी होती. तिने हाक मारली नाही. हाकेने तो दचकेल, म्हणून मारली नसणार. तो उतरला, अर्धा पाव तिच्यापुढे धरला, आणि तिने तो घेतला. नंतर ती शेजारणींना सांगायची, आमचा हा कशाला म्हणून भीत नाही. तिचा तो हात तोंडावरून खाली यायला किती वेळ लागला होता, हे त्याला आज, खांबाला टेकून उभं असताना दिसलं. तेव्हा तो पावाकडे बघत होता.

तो पुन्हा चढू लागला. थांबून चालणार नव्हतं, कारण आज पाळणा होता. माल असता तर वेगळी गोष्ट. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी वरच्या भागात, एक भलीमोठी काच चौकटीत नीट बसली नव्हती. ती पक्की करायला दोन काचवाले लोखंडी पाळण्यात उभे राहणार होते आणि पाळणा त्याच्या हुकाला असणार होता. आणि ती काच नीट बसली नव्हती ती त्याच्यामुळे. काल त्याने शहाणपणा केला होता. भीतीला कंटाळून त्याने ठरवलं, एक दिवस जुन्यासारखं जाऊ. सकाळी बायकोला म्हणाला, "उशीर झालाय, डबा सोबत दे, तिथे खातो." डबा त्याने फाटकाजवळच्या भटक्या कुत्र्यांपुढे रिकामा केला. डॉक्टर बाईंनी साखर उतरवायला दिलेली गोळी मात्र घेतली. बायकोला वचन दिलं होतं, आणि गोळी काही खाणं नव्हे. वाटाण्याएवढी वस्तू, तिने पोट थोडंच भरतं? सकाळभर मजेत गेली. जुना वरचा परत आला होता, शीळ घालत काम चाललं होतं. आणि दुपारच्या सुमारास काच हुकाला असताना त्याच्या कपाळावर गार घाम आला, समोरचे लिव्हर दोनाचे चार दिसू लागले, आणि काच चौकटीच्या कडेला घासली. ती तशीच, अर्धवट बसलेली, तिथे राहिली. भोंगा खालून किंचाळत होता, "बास! बास! बास म्हणतोय ना!" खिशातला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकून तो बसून राहिला, तेव्हा त्याला खाली मुकादम आणि भोंगा बोलताना दिसले. काय बोलले ते नंतर कळलं. भोंग्याने सांगितलं होतं, वारा आला.

वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. घरी त्याने बायकोपासून काही लपवलं नाही. लपवता आलं नसतं, चेहराच पांढराफटक पडला होता. ती रागावली नाही. तिने शिलाई बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला तुम्ही शूर नको होतात हो कधी. घरी यायला हवे होतात." मग कापडाची घडी घालत, "सोडा ते वरचं. खाली काम द्या म्हणावं." तो म्हणाला, "खाली मी कोण?" हे त्याला नाटकी वाटलं, पण खरं होतं. सकाळी ती समोर बसली आणि त्याच्या शेवटच्या घासापर्यंत उठली नाही. आणि क्रेनच्या पायथ्याशी भोंगा वाट बघत उभा होता. भोंगा म्हणजे खालून इशारे देणारा. उचल, सोड, डावीकडे, बास, एवढ्या चार शब्दांवर याचा संसार, आणि ते चार शब्दही तो असे ओरडायचा की वॉकीटॉकीची गरजच काय असं वाटावं. आज तो हळू बोलला. "काल वारा नव्हता," तो म्हणाला, "मला कळतं. आज माणसं आहेत. जमणार नसेल तर आत्ता सांग, मी जाऊन मुकादमाला सांगतो. पुन्हा खोटं नाही बोलणार मी." "जमेल," त्याने उत्तर दिलं. "खाल्लंस?" "खाल्लं." भोंग्याने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू खाण्यावरच सगळं अडलंय, आणि बाजूला झाला.

केबिनमध्ये बसल्यावर त्याने दार लावलं, कडी तपासली, पुन्हा तपासली. खुर्ची ओळखीची होती, लिव्हरवर त्याच्याच तळव्याने झिजलेला भाग होता, आणि तरी दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखं वाटत होतं. घशात बोट घातलं तर? हा विचार एकदम आला. सकाळचं सगळं पिशवीत काढून टाकायचं, तोंड पुसायचं. बोट त्याने ओठांपर्यंत नेलंसुद्धा. पण मग पोटात गोळी असणार आणि दुसरं काही नसणार, म्हणजे कालच्यासारखे दोनाचे चार. आणि भूक काही बटण दाबून येत नाही. उपाशी गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी, खाऊन गेलो तर ही अशी गाळण. मग मी जाऊ कसा? भीती पायाच्या अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत चढली होती. काचेतून खाली पाळणा दिसत होता. दोन काचवाले त्यात चढले, एक बुटका आणि एक उंच. बुटक्याने वर बघून सलाम ठोकला. साइटवर सगळ्यांचा वॉकीटॉकी एकाच चॅनेलवर असायचा, त्यातून त्याचा आवाज आला, "वरच्या, आज आमची भिस्त तुमच्यावर हं." रोजचा विनोद. त्याला तो ऐकवेना. हा माणूस संध्याकाळी कुठल्या दारात उभा राहत असेल, कोण उघडत असेल, हे त्याला दिसू लागलं. पूर्वी पाळण्यातल्या माणसांचं त्याला फक्त वजन माहीत असायचं.

"उचल," भोंगा ओरडला. त्याने लिव्हर ओढला. दोर ताणला, पाळणा जमिनीपासून हातभर सुटला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे हुकाची खीळ निसटताना दिसली; निसटली नव्हती, पण दिसली. त्याने पाळणा खाली ठेवला. "काय झालं?" "खीळ बघा." भोंग्याने जाऊन पाहिली, हलवून पाहिली. "ठीक आहे. उचल." पाळणा पुन्हा सुटला, आता पुरुषभर उंच, आणि आता दोर. दोराचा एक पीळ चमकल्यासारखा वाटला. पुन्हा खाली. "दोर बघा." बुटका म्हणाला, "अहो, आज आम्हाला झोके द्यायचं ठरवलंय काय?" दोर बघितला. दोरालाही काही झालेलं नव्हतं. मुकादम छपरीतून बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून वर पाहू लागला. आता तिसऱ्यांदा खाली ठेवलं तर सगळं संपलं, हे त्याला कळत होतं. आणि तिसऱ्यांदा उचललं तर मधेच हात आवळून बसेल, सकाळच्या शिडीवर बसला तसा, आणि ती दोन माणसं आभाळात टांगलेली राहतील, हेही कळत होतं. हात थरथरत होते, घरच्यासारखे. त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. काहीतरी सांगायला हवं होतं. वारा आहे, असं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "मला भीती वाटतेय."

साइटवर कुणीतरी चालवत असलेलं ड्रिल थांबलं. निदान त्याला तसं वाटलं. सगळ्यांनी ऐकलं होतं, मुकादमाने, काचवाल्यांनी, सळ्या बांधणाऱ्यांनी. कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, आता कुणीतरी हसेल, आणि जे कुणी पहिल्यांदा हसेल त्याचे गाल गोल असतील. मग खरखर झाली आणि भोंगा बोलला, न ओरडता. "मला रोज वाटते," तो म्हणाला. "तुझ्या हुकाखाली मी उभा असतो रे. वर बघून बघून मान गेली माझी. रोज सकाळी भरपेट खाऊन येतो आणि रोज वाटतं, आज हे माझ्या डोक्यात येणार. म्हणून तर एवढा बोंबलतो. तुला काय वाटलं, मला आवड आहे?" तो ऐकत राहिला. इतकी वर्षं एक माणूस खाली उभा राहून घाबरत होता, आणि वर बसून त्याने त्या आवाजाची नक्कल करून लोकांना हसवलं होतं. टाकीखालचा तो तोंडावरचा हात त्याला पुन्हा दिसला. डोळे चुरचुरले. त्याने बाहीने पुसले, कारण काच स्पष्ट दिसायला हवी होती. "अहो," पाळण्यातून बुटक्याचा आवाज आला, "तुम्ही दोघं घाबरून घ्या पोटभर, पण आमचं काय करताय ते सांगा. उतरू की राहू?" "तुम्ही सांगा," तो म्हणाला. पाळण्यातला उंच माणूस इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "घाबरतोय तर सावकाश नेईल. चला." भोंग्याने मुकादमाकडे पाहिलेलं वरून दिसलं. मुकादमाने कमरेवरचे हात काढले आणि एक हात हलवला, न्या म्हणून. "उचल," भोंगा म्हणाला. "आणि तू बोलत राहा," वरून तो म्हणाला, "गप्प नको बसूस." "गप्प बसणं मला जमलंय कधी?"

पाळणा वर येत राहिला. तो इतका हळू येत होता की बुटक्याने मजल्यांचे आकडे पुकारायला सुरुवात केली. भीती कमी झाली नाही. हे त्याला अपेक्षित नव्हतं. बोलून टाकलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात, पण त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. भीती शेजारी बसून प्रत्येक गोष्ट दाखवत होती, हा झोका, ही कडा, तो बाहेर आलेला सळीचा तुकडा, आणि तो प्रत्येकीला म्हणत होता, पाहिलं, पाहिलं. खालून भोंगा बडबडत होता. सावकाश, येऊ दे, माझ्या धाकट्याचे दात पडायला लागलेत, येऊ दे, अजून जरा, डावीकडे, परवा त्याने एक गिळला, बास. बास म्हटलं आणि पाळणा काचेपुढे थांबला. काचवाले कामाला लागले. त्याने लिव्हरवरचा हात काढला नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. काच चौकटीत बसल्याचा आवाज त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण उंच माणसाने तिच्यावर दोन थापा मारल्या ते दिसलं. मग तितकंच सावकाश खाली. पाळणा जमिनीला टेकला तेव्हा धूळ उडाली आणि बुटका त्यातून उतरून जमिनीवर उगाचच दोनदा पाय आपटून चालला. वर बघून त्याने या वेळी सलाम केला नाही. नुसता हात हलवला, ओळखीच्या माणसाला हलवतात तसा.

दुपार झाली. पोटात कावळे ओरडू लागले आणि त्याबरोबर, अगदी ओळखीच्या पावलांनी, तो जुना सुन्नपणा परत येऊ लागला. त्याला ते स्पष्ट कळत होतं. आधी बोल्ट दिसेनासे झाले, मग वेल्डिंग. हात स्थिर झाले. त्याने जाळीतून खाली पाहिलं आणि जमीन नुसती जमीन होती. किती छान वाटत होतं. एक घास खाल्ला नाही तर संध्याकाळपर्यंत हे असंच राहील, शीळ घालत काम होईल, आणि घरी गेल्यावर मुलगी पुस्तक उचलून आत जाईल. डबा खुर्चीखाली होता. आत उकडलेलं अंडं, पाव, एक केळं, आणि कागदाच्या पुडीत गोळी. वॉकीटॉकी खरखरला. काचवाल्यांना दुसऱ्या बाजूची एक काच बघायची होती, पाळणा तयार होता, दोघं चढतच होते. "काय रे," भोंगा ओरडला, पुन्हा नेहमीच्या आवाजात, "उचलतोस ना?" त्याने स्थिर हातांकडे एकदा पाहिलं. डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि बटण दाबलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "जेवतोय. मग घाबरतो, मग उचलतो."